जावयाचं मूळ गाव

आमचे जावईबापू मिशिगनचे. आडनावाच्या शेवटी 'स्ट्रा' आहे, म्हणजे घराणं मूळचं नेदरलँड्समधल्या फ्रीसलंड प्रांतातलं, एवढं त्यांना लहानपणापासून ठाऊक. मूळ गाव मात्र कधी पाहिलेलं नव्हतं. नात जरा जाणती झाल्यावर यंदा जायचं ठरलं आणि "आई, तुम्हीही चला" असा आग्रह झाला. मी एका पायावर तयार. आपल्या गावी गेलं की वाटणीची जमीन, पडकं घर आणि न बोलणारे चुलते हे सगळं समोर येतं. इथे पूर्वज दुसऱ्याचे. मी नुसती पाहुणी.

सुरुवात लेवार्डन शहरातल्या 'ट्रेसोआर' या अभिलेखागारापासून केली. नेपोलियनच्या अमलात, 1811 साली, इथे जन्म, लग्न आणि मृत्यूच्या सरकारी नोंदी सुरू झाल्या. ज्यांना आडनाव नव्हतं त्यांना ते घ्यावं लागलं. तोवर नाव आणि बापाचं नाव एवढ्यावर भागायचं. नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्याय वही उघडून आपल्या पिढ्या वाचून दाखवतात ना, तोच प्रकार. फक्त दक्षिणा नाही. जावयाच्या खापरपणजोबांच्या लग्नाची नोंद निघाली. वय, गाव, आईवडील, धंदा: मजूर. खाली कारकुनाने टिपलंय की नवऱ्यामुलाला सही करता येत नाही. जावईबापूंचा चेहरा पडला. 'आपण तिकडचे मोठे शेतकरी' असं त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले होते.

माझं लक्ष नवरीच्या नावावर. इथल्या कागदोपत्री बाई जन्मापासून मरेपर्यंत माहेरच्याच नावाने राहते. त्यामुळे त्या मजुराच्या बायकोची आई आणि त्या आईची आई अशा पटापट सापडत गेल्या. आमच्या घरी सात पुरुषांची नावं श्राद्धाच्या निमित्ताने अजून घेतली जातात, पण माझ्या पणजीचं माहेरचं नाव काय होतं हे सांगणारं कुणी उरलेलं नाही. लग्नात ते तांदळावर बदललं गेलं आणि मिटलं.

मग गाव आणि चर्चचं आवार. तिथे त्या आडनावाचा एकही दगड नाही! या देशात कबरीची जागा बहुधा ठरावीक मुदतीने मिळते. मुदत संपली आणि कुणी पैसे भरून वाढवून घेतली नाही तर जागा मोकळी करतात. वारस समुद्रापार गेलेले, मुदत वाढवणार कोण? जवळच होगेबाइंतुम हे आणखी एक गाव पाहिलं. समुद्राला बांध नव्हते तेव्हा भरतीपासून वाचायला लोकांनी माती, शेण, राख टाकत टेकाडं उभी केली आणि त्यांवर घरं बांधली. हे त्यांतलं सगळ्यात उंच, जवळजवळ नऊ मीटर. पुढे ही माती खत म्हणून उत्तम निघाली, तेव्हा टेकाडं खणून विकली. चर्च उभं असलेला भाग तेवढा राखला, बाकीचं टेकाड कुणाकुणाच्या शेतात गेलं. वाडवडिलांची माती, म्हणतात ती अशी बोटीत भरून विकलेली!

अ‍ॅमस्टरडॅमची संग्रहालयं पाय दुखेपर्यंत पाहिली, त्याबद्दल वेगळं काय सांगणार. जीव रमला तो फ्रीसलंडमधल्याच फ्रानेकर गावातल्या एका घरात. एइसे एइसिंगा हा लोकर पिंजणारा माणूस. 1774 च्या मे महिन्यात चंद्र आणि चार ग्रह एकत्र येणार, जग बुडणार, अशी आवई उठली. 1962 च्या अष्टग्रहीत, म्हणजे आठ ग्रह एका राशीत आले तेव्हा, आमच्या आईने मला शाळेत धाडलं नव्हतं आणि देवापुढे दिवा विझू दिला नव्हता, त्यामुळे ती भीती मला नवी नाही. एइसिंगाने काय केलं, तर ही भीती खोटी आहे हे दाखवायला बैठकीच्या खोलीच्या छताखाली अख्खी सूर्यमाला बसवली. 1781 पर्यंत, सात वर्षं, धंदा सांभाळून. निळ्या छतावर सोनेरी कक्षा, त्यांच्या खाचांतून लोंबणारे ग्रह. एक मिलिमीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर. शनीला फेरी मारायला खरोखरीच एकोणतीस वर्षं लागतात. जिना चढून माळ्यावर गेलं की लाकडी चक्रं दिसतात, आणि त्यांचे दाते म्हणजे हाताने ठोकलेले खिळे, दहा हजारांच्या आसपास. नातीने ते मोजायला घेतले, आम्ही तिला ओढत खाली आणलं. युरेनस कुठेय, हा तिचा पुढचा प्रश्न. तो सापडला 1781 सालीच, आणि छतावर जागा संपलेली.

हे सगळं चालतं एका लंबकावर आणि तो हलतो भिंतीतल्या कपाटासारख्या बिछान्याच्या वर. तिथे सांगतात की लंबक आधी लांब ठरला होता. तो थेट बिछान्यात लोंबणार म्हटल्यावर बायकोने, पित्ये याकोब्स तिचं नाव, साफ नकार दिला. बिचाऱ्याने लंबक आखूड केला आणि दात्यांचे सगळे हिशेब नव्याने मांडले.

"आई, तुम्ही असता तर?" जावयाने विचारलं.

"मी माळ्यावरच्या खिळ्यांपासूनच नाही म्हटलं असतं," मी म्हणाले. लेक हसली, आणि जावईबापूंनी आपल्या बायकोकडे जरा जपूनच पाहिलं.