तुम्ही विचारलंत म्हणून: ते थेंब मी घरी का देत नाही

कुत्र्याचा किंवा मांजराचा दुखरा डोळा तपासून झाला की पालक काय म्हणणार हे आता मला तोंडपाठ झाले आहे: “डॉक्टर, आत्ता घातलेत तेच थेंब लिहून द्या ना, त्यानेच तर त्याने डोळा उघडला.” मी नाही म्हणते. मग पुष्कळांना वाटते की मुक्या जनावराच्या दुखण्याची मला पर्वा नाही, किंवा त्यांना पुन्हापुन्हा दवाखान्यात यावे लागावे म्हणून मी बाटली अडवून ठेवते. दोन्ही आरोप मला लागतात.

त्या बाटलीत डोळा बधिर करणारे ०.५ टक्के प्रोपॅराकेन असते आणि ते महागही नाही. थेंब पडल्यावर मिनिटभरात कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा, बधिर होतो; एका थेंबाचा परिणाम कुत्र्यात सुमारे ४५ मिनिटे टिकतो, मांजरात सुमारे २५. तेवढ्या वेळात पापणीआड रुतलेले कुसळ काढता येते, डोळ्यातला दाब मोजता येतो, अश्रुनलिका धुता येते. जखम मात्र त्याने भरत नाही. कॉर्नियाच्या वरच्या थरातल्या पेशी कडेने सरकत येऊन ओरखडा झाकतात, आणि हे थेंब वारंवार पडले तर त्याच पेशींना इजा होते, पापणी कमी मिटते आणि डोळा कोरडा पडतो.

पग जातीच्या एका कुत्र्याचे सांगते. त्याला घेऊन येणाऱ्या काकू निवृत्त शिक्षिका होत्या. डोळ्यावर वरवरचा ओरखडा होता, पण डोळा इतका घट्ट मिटलेला की बोटाने पापणी उचलणेही अवघड होते. मी तपासणीपुरता थेंब घातला आणि अर्ध्या मिनिटात त्याने डोळा उघडून काकूंकडे पाहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. बाटली मागितली तेव्हा मी कारणासकट नकार दिला. अँटिबायोटिक थेंब, डोळ्याच्या आतली कळ कमी करणारे ॲट्रोपिन, पोटातून द्यायचे वेदनाशामक औषध आणि डोळा चोळता येऊ नये म्हणून गळ्यात कॉलर असे उपचार दिले आणि फेरतपासणीला बोलावले. त्या आल्या नाहीत. घरच्या कोणीतरी ओळखीच्या मेडिकलमधून तेच थेंब आणून दिले होते. ते घातले की कुत्रा खेळायचा, डोळा चोळायचा नाही, म्हणून कॉलरही काढून टाकली होती. चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या कॉर्नियाला मुळातच संवेदना कमी असते. उरलेलीही आम्ही, म्हणजे आपण माणसांनी, काढून घेतली.

“मध्ये काळा ठिपका दिसतोय” म्हणून त्या परत आल्या, तेव्हा मी फ्लुओरेसिन घातले. हा रंग उघड्या जखमेत मुरतो आणि निळ्या प्रकाशात हिरवा चमकतो. त्या डोळ्यात हिरवे कडे उमटले आणि मधोमध काहीच उमटले नाही. जिथे रंग चढत नाही तिथे पडद्याची सगळी जाडी झडून फक्त सर्वांत आतला पापुद्रा उरलेला असतो, हे मला कळत होते. काकूंना मात्र मधला भाग स्वच्छ, म्हणजे बरा झालेला, वाटला. शस्त्रक्रियेसाठी मोठ्या शहरात पाठवले, पण वाटेतच डोळा फुटला आणि काढावा लागला. नंतर काकू मला एवढेच म्हणाल्या, “पण त्याला दुखत नव्हतं हो, डॉक्टर.”

यावर मी काय म्हणणार? खरोखरच दुखत नव्हते. शिकून नुकतीच बाहेर पडलेली मी म्हणायची की दुखणे थांबवणे हे आपले पहिले काम, बाकी सगळे नंतर. आणि तिला मला आजही खोडून काढता येत नाही. १८८४ मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलर या डॉक्टरने कोकेनने डोळा बधिर होतो हे शोधले, ते स्वतःच्या डोळ्यात थेंब घालण्याआधी बेडूक, ससा आणि कुत्रा यांच्या डोळ्यांवर पाहून. ज्यांच्या डोळ्यांवर अशा प्रकारचे औषध सिद्ध झाले, त्यांनाच ते नाकारताना मला जड जाते.

एका पालकांनी, जे स्वतः माणसांचे डॉक्टर आहेत, मला सुनावले की अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागांच्या डॉक्टरांच्या संघटनेने २०२४ मध्ये साध्या ओरखड्यासाठी पहिले २४ तास असे थेंब घरी द्यायला संमती दिली आहे. ते खरे आहे. पण तिथे मोजके औषध दिले जाते, ओरखडा साधा असल्याची खात्री आधी केलेली असते, आणि दिसणे धूसर झाले तर माणूस स्वतः सांगतो. कुत्र्याचा मिटलेला डोळा हीच त्याची तक्रार असते. ती बंद केली तर बिघाड तुम्हाला कळणार कशाने?

हे सगळे मी ठामपणे सांगत होते, तोवर एका म्हाताऱ्या बोक्याच्या पालकांनी विचारले की डोळा उद्या काढायचाच ठरला आहे, भरून यायचे काही उरलेलेच नाही, मग आजच्या रात्रीपुरते थेंब का नाहीत? वरचे एकही कारण तिथे लागू नव्हते. मी पोटातून द्यायचे औषध वाढवले आणि बोक्याला रात्री दवाखान्यातच ठेवून घेतले, थेंब माझ्या हाताने घालता यावेत म्हणून. बाटली दिली नाही. ते पालक अजून नाराज आहेत आणि त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही.