गॅदरिंगमधला वाघोबा

जव्हारकडच्या आमच्या आश्रमशाळेचं गॅदरिंग जानेवारीत व्हायचं. बक्षिसं, भाषणं भराभर उरकायची, कारण पाड्यांवरून आलेल्या माणसांचा जीव शेवटच्या नाटकात अडकलेला असे. नाटक दरवर्षी तेच, वारल्यांच्या वाघोबा या देवाचं.

एका कुमारिकेला मूल होतं. रानात कामाला जाताना ती त्याला टाकळ्याच्या झुडपाखाली ठेवते. पुढे तो पोर वाघाचं रूप घेतो, गावची गुरं मारू लागतो. माणसं कोयते घेऊन त्याच्यावर धावून जातात, तेव्हा आई मध्ये उभी राहते आणि करार घडवते: गावानं त्याला ठाणं, म्हणजे पूजेची जागा द्यायची, वर्षातून एकदा पूजा करून त्याचा वाटा पोचवायचा, त्यानं गाव राखायचा.

ठाणं आमच्या मुलांनीच बनवलं होतं. लाकडाच्या फळीवर वाघ, वर चंद्र-सूर्य, आणि भरपूर शेंदूर. तारपा हे फुंकून वाजवायचं वाद्य मात्र खरं, एका मुलाच्या आजोबांचं. वाळलेला दुधी भोपळा, त्यात मेणानं बसवलेल्या बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा भोंगा. आजोबांनी गाल फुगवले की मांडवातल्या बाया आपसूक उठून एकमेकींच्या कमरेत हात घालत.

एका वर्षी नव्या शिक्षकांनी शेवट बदलला. ढोल वाजवून वाघाला पळवून लावायचं ठरलं. नाटक तिथवर आलं आणि समोरच्या आजी ताडकन उठल्या. "आपलाच पोर आहे तो! हाकलता कशाला? जागा द्या त्याला." मुलांनी तिथल्या तिथे फळी पुढे आणली, नारळ फुटला. मला आजही वाटतं, पर्यावरणाच्या तासाला आम्ही जे शिकवत होतो, त्याहून ही समज कितीतरी खोल होती. आमच्या धड्यात वाघ वाचवायचा असतो. त्यांच्या कथेत तो घरचा आहे, हक्काचा वाटेकरी आहे.

ही श्रद्धा नुसती रंगमंचापुरती नाही. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत वाघोबाची 150 ठाणी असल्याची नोंद 2021 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. या भागात आता वावर बिबट्याचा, पण पाड्यावर त्यालाही वाघच म्हणतात आणि दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला त्याच्याही नावानं नारळ फुटतो.

यंदा वाघाचं काम सातवीतली एक मुलगी करणार आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना जमेल त्यांनी तालमीला या, तिला डरकाळी शिकवायची आहे.