तुम्ही विचारलंत म्हणून: कुणीच न निवडलेला खेळाडू एनबीएत पोचला कसा?

मी कॅनडातल्या मिसिसागात राहतो आणि बास्केटबॉलवर वेळीअवेळी बोलत असतो. त्यामुळे असेल, पण इथल्या मराठी मंडळींच्या प्रत्येक जेवणावळीत कुणी ना कुणी मला हटकून विचारते, की ज्या फ्रेड व्हॅनव्लीटला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तीसपैकी एकाही संघाने घेतले नाही, तो एनबीएत, म्हणजे बास्केटबॉलच्या त्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, पोचला कसा? विचारणाऱ्याच्या मनात ‘नशीब, दुसरे काय’ हे उत्तर बहुधा तयारच असते. माझे उत्तर जरा लांबते, कारण ‘घेतले नाही’ हे अर्धेच खरे आहे.

२०१६ च्या ड्राफ्टमध्ये दोन फेऱ्यांत मिळून ६० नावे पुकारली गेली. व्हॅनव्लीट तेव्हा विचिटा स्टेट विद्यापीठाकडून चार वर्षे खेळून बाहेर पडला होता. २०१४ मध्ये त्याच्या संघाने नियमित हंगामातला एकही सामना गमावला नव्हता. पण उंची जेमतेम सहा फूट, आणि संघांना तेवढेच दिसत होते. दुसऱ्या फेरीत घेतो, मात्र तुटपुंज्या पगारावर डी-लीग या दुय्यम स्पर्धेत खेळावे लागेल, अशी तयारी काहींनी दाखवली होती. त्याने ती नाकारली. निवडलेल्या खेळाडूचे हक्क त्या एका संघाकडे जातात, तर न निवडलेला कुणाशीही बोलणी करायला मोकळा राहतो, हा हिशेब त्यामागे होता. साठावे नाव संपल्यावर इलिनॉयमधल्या रॉकफर्ड या आपल्या गावी, जमलेल्या आप्तांसमोर उभा राहून, आपण स्वतःवर पैज लावली आहे असे त्याने सांगितले. बाविसाव्या वर्षी हे बोलायला छाती लागते. पैज फसली असती तर याच भाषणावर लोक हसले असते.

हे धाडस आले कुठून, याचा थोडा उलगडा त्याच्या बालपणात होतो. तो पाच वर्षांचा असताना वडिलांचा खून झाला. पुढे घरात आलेले सावत्र वडील पोलिसात होते. ते मुलांना भल्या पहाटे उठवून, अंगात वजनदार जाकिटे घालून सराव करायला लावत. पोरांना तो जाच वाटत असणार, यात मला शंका नाही.

एनबीएतल्या टोरोंटो रॅप्टर्स संघाने त्याला आधी लास वेगासच्या उन्हाळी स्पर्धेत आणि मग सराव शिबिरात खेळवून पाहिले. त्याच्याच जागेवर खेळणारे लाउरी, जोसेफ आणि राइट संघात आधीच होते, आणि शिबिराला आलेल्या इतर उमेदवारांचा डोळाही पंधराव्या, म्हणजे शेवटच्या जागेवर होता. ती जागा त्याने मिळवली. पहिल्या वर्षी तो रॅप्टर्सकडून ३७ सामने खेळला, तेही बहुतेकदा निकाल ठरून गेल्यावर, आणि मधूनमधून त्याला आमच्या मिसिसागातल्या रॅप्टर्स ९०५ या डी-लीग संघात पाठवले जाई. जी पायरी त्याने नाकारली होती, तीच तो चढत होता. फरक इतकाच, की आता खिशात एनबीएचा करार होता. एप्रिल २०१७ मध्ये ९०५ ने विजेतेपद पटकावले, त्या निर्णायक सामन्यात त्याचे २८ गुण होते.

पुढचे तुम्हाला ठाऊक असते, म्हणून थोडक्यात सांगतो. २०१९ मध्ये एनबीएच्या अंतिम मालिकेत, चौथ्या सामन्यात कोपर लागून दात तुटला आणि डोळ्याखाली टाके पडले; तरी सहाव्या सामन्यात त्याने २२ गुण केले, त्यातले १२ शेवटच्या सत्रात, आणि रॅप्टर्स विजेते ठरले.

आता माझी कबुली. त्या पहिल्या हिवाळ्यात ९०५ चा एक सामना मी अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये पाहिला होता. एक बुटका गडी सारखा ओरडून सहकाऱ्यांना कुठे उभे राहायचे ते हाताने दाखवत होता, एवढे मला स्पष्ट आठवते. घरी येऊन मी ज्याचे कौतुक केले, तो मात्र उंच उड्या मारणारा दुसराच कुणी होता, आणि त्याचे नाव आज मला आठवत नाही.