कंपोस्ट प्लांटचा वास परफ्यूम फवारून जात नाही

थंडीत रात्री वारा पडला की आमच्या बाजूला एक आंबूस, कुजका वास येतो. नवी मुंबईत कसलाही वास आला की सगळे आधी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या केमिकल कंपन्यांकडे बोट दाखवतात, आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पण तेच चालू होतं, पण हा वास वेगळा आहे आणि ज्यांनी सोसायटीत खताचा खड्डा सांभाळलाय त्यांना तो लगेच ओळखू येतो. हा ओला कचरा हवेशिवाय सडल्याचा वास आहे. जवळच एक खाजगी कंपोस्ट प्लांट आहे, हॉटेलांचा, भाजीवाल्यांचा, सोसायट्यांचा ओला कचरा तिथे जातो.

आधीच सांगते, तो प्लांट बंद व्हावा असं मला अजिबात वाटत नाही. तो बंद झाला तर हाच कचरा डंपिंगवर जाणार, तिथे दबून सडणार, मिथेन होणार, मग आगी आणि धूर. डंपिंगच्या शेजारी राहणं काय असतं ते ठाण्याजवळच्या दिवा इथल्या लोकांना विचारा. पण प्लांट हवा म्हणून शेजारच्यांनी नाक दाबून जगायचं हेही मला पटत नाही, कारण हे बऱ्यापैकी थांबवता येतं आणि त्यातलं निम्मं काम तर फार पैसे न घालता होतं.

आम्ही काही जण प्लांट बघायला गेलो. सुपरवायझर भला माणूस, सगळीकडे फिरवलं, चहा पण पाजला. वासाचं विचारल्यावर म्हणाला, "मॅडम, आम्ही रोज फवारणी करतो ना." फवारणी म्हणजे लिंबाच्या वासाचं काहीतरी लिक्विड. त्याने कुजका वास तसाच राहतो, वर लिंबू येतं एवढंच.

खरी गडबड पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत होते. पालेभाजी, टोमॅटो, फळं यांत ८०-९५ टक्के पाणीच असतं आणि ढिगाला हवा असतो ५० ते ६० टक्के ओलावा. नुसता भाजीचा ढीग लावला की तो खाली बसतो, पोकळ्या पाण्याने भरतात, आत ऑक्सिजन संपतो आणि मग हायड्रोजन सल्फाईड (सडक्या अंड्याच्या वासाचा वायू), आंबट वासाची अ‍ॅसिडं, मिथेन असं सगळं सुरू होतं. दुसरीकडे हॉटेलचं उरलेलं अन्न, मासळी-चिकन यांत नायट्रोजन भरपूर, त्याच्या जोडीला कार्बन नसेल तर तो अमोनिया होऊन उडून जातो. म्हणून कार्बन-नायट्रोजनचं प्रमाण २५-३० ला १ ठेवायचं म्हणतात. आणि अमोनिया नुसता वासाचा प्रश्न नाहीये हे फार कमी लोक बोलतात, तो हवेत गेला की गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातून तयार होणाऱ्या अ‍ॅसिडांशी जुळून बारीक कण बनवतो, म्हणजे ज्या पीएम २.५ साठी आपण हिवाळाभर अ‍ॅप उघडून बघतो त्यातच भर. हायड्रोजन सल्फाईड तर एक्यूआय मोजताना धरतच नाहीत, २००९ च्या राष्ट्रीय मानकांतल्या बारा प्रदूषकांतही ते नाही, त्यामुळे आकडा "समाधानकारक" आणि घरात मळमळ असं होऊ शकतं. तक्रार केली की आकडा दाखवतात, तेव्हा हे माहीत असू द्या.

मग करायचं काय? सगळ्यात आधी सुकं मिसळायचं, आणि ते गाडी रिकामी झाल्या झाल्या, दुसऱ्या दिवशी नाही. लाकडाचा भुगा, चिपर म्हणजे फांद्या बारीक करायच्या यंत्रातून काढलेल्या फांद्या, वाळका पाला. आपल्याकडे याची कमी आहे का? पावसाळ्याआधी शहरभर छाटणी होते, ट्रक भरून फांद्या जातात, शहाळ्यांची टरफलं तर नाक्यानाक्यावर पडलेली, तुकडे केले की ढिगात हवा खेळती राहायला एकदम भारी.

दुसरं म्हणजे ढिगावर तयार खताचा थर. हे मला सगळ्यात आवडलेलं, कारण इतकं साधं आहे. कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसच्या बाजूच्या हवा नियंत्रण विभागाचा २०११ चा नियमच आहे की नवीन ढीग लावला की २४ तासांत त्यावर किमान ६ इंच तयार खत पसरायचं. त्या थरातले जिवाणू वर येणारे वायू बाहेर पडण्याआधीच खातात. प्लांटकडे तयार खत पडलेलंच असतं, वेगळं काही विकत आणायला नको. ढीग पलटायच्या आधी पाणी मारायचं हे पण त्याच नियमात आहे.

पलटी कधी मारता हेही महत्त्वाचं. आमच्याकडे पारसिकचे डोंगर आणि खाडी यांच्या मध्ये थंडीच्या रात्री हवा जमिनीलगत साचून राहते, तेव्हा पहाटे जेसीबीने ढीग उलटला तर सगळं घरांवर येणार. तेच काम दुपारी खाडीवरचा वारा सुटल्यावर केलं तर निदान साचत तरी नाही.

पैसे घालायची तयारी असेल तर खालून पाईप टाकून ब्लोअरने हवा खेचायची आणि ती बायोफिल्टरमधून सोडायची. बायोफिल्टर म्हणजे लाकडाच्या तुकड्यांचा मीटरभर जाडीचा ओलसर थर, हवा त्यातून साधारण मिनिटभर फिरली पाहिजे. पण तो मे महिन्यात सुकला की हवा भेगांमधून तशीच निसटते, आणि अमोनिया जास्त असेल तर आधी स्क्रबर (हवा पाण्याने धुणारं यंत्र) लागतो, नाहीतर त्यातले जिवाणूच मरतात. बांधून ठेवून विसरायची गोष्ट नाही ही.

चाळणीवरच्या कामगारांबद्दल लिहायलाच हवं. सुकं खत चाळताना जी धूळ उडते तिच्यात अ‍ॅस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू असतात, फुप्फुसांना वाईट. तिथल्या बायका तोंडाला ओढणी बांधून काम करत होत्या. त्यांना एन९५ मास्क आणि चाळणीवर शेड-सक्शन हे वासाच्या तक्रारीच्या आधी व्हायला हवं, आम्ही दिलेल्या पत्रात तोच मुद्दा पहिला टाकलाय.

त्याच पत्रात सोसायटीच्या छाटणीच्या फांद्या प्लांटला फुकट द्यायची तयारी पण कळवलीये, चिपर त्यांनी आणायचा. अजून तीन-चार सोसायट्या तयार झाल्या तर रोज एक टेम्पो भरेल, जवळपास राहत असाल तर तुमच्या कमिटीत विषय काढा.