आमची वाटचाल : जमिनीच्या पोटात काय आहे, ते शोधताना

न्यू जर्सीत आमची छोटी एन्व्हायर्नमेंटल कन्सल्टिंग कंपनी 2011 मध्ये घराच्या बेसमेंटमध्ये सुरू झाली. माझं शिक्षण पुण्यात, भूगर्भशास्त्रात. इथे आल्यावर बरीच वर्षं दुसऱ्यांच्या ड्रिलिंग साइटवर काढली. हिशेबाची बाजू पहिल्यापासून माझे मिस्टर सांभाळतात. जमीन दूषित आहे का, ते आम्ही तपासतो. काम बिल्डरांकडून येईल अशी अपेक्षा होती आणि सुरुवातीला तसंच आलं. कुणाला गॅस स्टेशन विकायचं असे, कुणाला गोदाम घ्यायचं असे. आज मात्र आमचं बरंचसं काम नगरपालिकांचं असतं आणि त्याचे पैसे सरकारी अनुदानातून येतात.

इथली जुनी शहरं कारखान्यांवर वाढली. पॅटर्सनला रेशीम, ट्रेंटनला पोलादी दोर आणि चिनीमातीची भांडी. कारखाने गेले, जमिनी मागे राहिल्या. न्यूयॉर्क राज्यात लव्ह कॅनालला पुरलेल्या रासायनिक कचऱ्यावर वस्ती उभी राहिली होती. त्या प्रकरणानंतर 1980 मध्ये दूषित जमिनींच्या सफाईसाठी सुपरफंड कायदा आला. प्रदूषण कुणीही केलेलं असो, आजच्या मालकालाही त्यात जबाबदार धरता येतं. कायदा हवाच होता, पण त्यामुळे नुसता संशय असलेल्या जमिनीलाही कुणी हात लावेना. बँक कर्ज देईना. मालक तपासणी करेना, कारण वाईट निघालं तर निस्तरायचं कुणी? शेवटी कर थकून ती जमीन नगरपालिकेच्या गळ्यात पडायची.

ही कोंडी फोडली ती तपासणीसाठी मिळणाऱ्या सरकारी पैशाने. ईपीएने, म्हणजे केंद्र सरकारच्या पर्यावरण संस्थेने, 1990 च्या दशकात प्रायोगिक अनुदानं दिली आणि 2002 च्या ब्राउनफिल्ड कायद्याने त्यांना पक्का आधार मिळाला. ब्राउनफिल्ड म्हणजे प्रदूषणामुळे किंवा त्याच्या नुसत्या संशयाने अडकून पडलेली जमीन. खरेदीआधी रीतसर चौकशी करणाऱ्या आणि पुढे जमिनीची योग्य काळजी घेणाऱ्या खरेदीदाराला त्याच कायद्याने संरक्षणही दिलं. शिवाय न्यू जर्सीचा स्वतःचा निधी आहे. त्यातून नगरपालिकांना प्राथमिक तपासापासून सविस्तर तपासणीपर्यंतचा खर्च मिळू शकतो. ईपीएच्या अंदाजाने देशभरात अशा ब्राउनफिल्ड जागा साडेचार लाखांहून जास्त आहेत.

तपासणीचा पहिला टप्पा म्हणजे फेज वन. त्यात माती उकरत नाहीत. मुलीचं स्थळ बघताना घराण्याची चौकशी करावी, तशी जागेची चौकशी करायची. मला सर्वांत आवडतात ते सॅनबोर्नचे जुने नकाशे. आगीच्या विम्यासाठी काढलेले, विटांची इमारत गुलाबी, लाकडी पिवळी. एका रिकाम्या प्लॉटवर, जिथे आज नुसतं गवत आहे, तिथे 1920 च्या दशकातल्या नकाशात ड्रायक्लिनर दिसला आणि त्याच्या मागच्या अंगाला एक टाकी. फेज टूमध्ये, म्हणजे माती काढून तपासण्याच्या दुसऱ्या टप्प्यात, बोअर कुठे घ्यायचे, ते तिथेच ठरलं.

फेज टूच्या दिवशी ड्रिलर प्लास्टिकच्या नळीत मातीचा गाभा वर काढतो. ती नळी उभी चिरायची आणि लगेच मातीशी रसायनांच्या वाफा मोजणारा मीटर धरायचा. वरचे दोन-तीन फूट राख, विटांचे तुकडे, कोळशाची खर; त्याखाली नदीची स्वच्छ तांबूस वाळू. त्या प्लॉटवर टाकीजवळचा एक कोपरा वाईट निघाला, बाकी जमीन बरीच बरी होती. असं अनेकदा होतं. आकडे हातात आले की भीतीला सीमा पडते, आणि मग बिल्डरही बोलायला बसतो.

त्या प्लॉटबद्दलच्या सभेत शेजारच्या एका आजींनी विचारलं होतं, “माझ्या अंगणातले टोमॅटो खाऊ का?” प्लॉटवरच्या बोअरवरून त्यांच्या अंगणाचं उत्तर देता येत नव्हतं. अंगणातल्या मातीचे नमुने तपासले, तेव्हाच त्यांना सांगता आलं. अनुदानाच्या अर्जात नकाशे आणि टक्केवारी भरपूर असते, पण हा पैसा कुणासाठी आहे ते मला त्या प्रश्नातून कळलं.

पैशाची वाट मात्र लांब असते. अनुदान शहराला मिळतं, आम्हाला नाही. शहर निविदा काढतं, नमुने घ्यायच्या आधी ईपीएकडून गुणवत्ता आराखडा मंजूर व्हावा लागतो, काम होतं, बिल जातं, कौन्सिलच्या बैठकीत ते मंजूर होतं. ड्रिलर आणि लॅब महिन्याभरात पैसे मागतात. एका नगरपालिकेचं बिल इतकं रखडलं, की पगारासाठी बँकेची क्रेडिट लाइन वापरावी लागली. लहान कंपन्या या कामात का टिकत नाहीत, याचं उत्तर इथे आहे. बिलं टप्प्याटप्प्याने चुकती करण्याची अट करारातच असावी, असं माझं ठाम मत आहे.

2021 च्या पायाभूत सुविधा कायद्याने ब्राउनफिल्डसाठी दीड अब्ज डॉलर दिले, पाच वर्षांसाठी. ती मुदत 2026 मध्ये संपते. मोठ्या शहरांकडे अर्ज लिहायला माणसं असतात, लहान गावांकडे एकच क्लार्क. म्हणून आम्ही आता शेजारशेजारच्या गावांना एकत्र अर्ज करायला सांगतो आणि त्यांच्या जागांची पहिली यादी विनामूल्य करून देतो. भारतातही जुलै 2025 मध्ये दूषित जागांबाबतचे नियम आले, तेव्हापासून पुण्याचे जुने वर्गमित्र फोन करून विचारतात, पहिल्या तपासाचा खर्च तिकडे कोण उचलतं. त्यांना मी आमच्या राज्याच्या निधीचे नियम पाठवते.