अव्वाचं पान

काल आत्याला गोष्टीचा तिसरा भाग वाचून दाखवत होते. दुसऱ्याच पानावर तिनं थांबवलं. "आईला अनाथ कशाला म्हणालीस गं?" चष्मा काढून ठेवला आणि शेंगा फोडायला बसली. पुढचं ऐकलंच नाही.

रात्रभर तेच डोक्यात. तीन महिने जीव ओतून लिहितेय. १९१८ ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, सप्टेंबर-ऑक्टोबरातला तिचा कहर, वर पावसाची दडी, धान्याची महागाई. त्या तापानं वीस ते चाळिशीतली तरणीताठी माणसंच जास्त नेली, म्हणून तर पोरं अशी मागं राहिली. आजी सहा वर्षांची, भाऊ कडेवर. मग अनाथ नाही तर काय म्हणायचं? एवढं केलं त्याचं काहीच नाही, एका शब्दावर सगळं मोडीत. रडूच आलं.

सकाळी तिनंच विषय काढला. "आईला कधी विचारलं असतंस, तर म्हणाली असती, मला अव्वा होती की."

अव्वा. कानडीत म्हणजे आई. शेजारची कानडी बाई. गोष्टीत मी तिची पार्वतीकाकू केली होती. का केली ते मला ठाऊक आहे. तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होतं, १९५६ साली ते कानडी मुलखात, म्हैसूर राज्यात जायचं होतं... असो.

दर म्हाळाला आमच्यात एक पान जास्त वाढतात. वडे, खीर सगळं इतरांसारखंच, फक्त त्या पानावर ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी. अव्वाचं पान. परकर नेसत होते तेव्हापासून ते मी वाढत आलेय. आणि तीन महिने लिहिताना एकदाही आठवलं नाही. अनाथ म्हटल्याचं नाही, याचं वाईट वाटतंय. ज्या पोरीच्या आईचं पान शंभर वर्षांनीही वाढलं जातं, तिला मी चौदा ठिकाणी अनाथ म्हटलं. मोजले आज.

"अव्वाचं नाव काय गं होतं?"

आत्या थांबली. "अव्वाच की."

दुपारी वही घेऊन बसले. चौदाही खोडले. काही वाक्यं लंगडी पडलीत, पडू देत. पार्वतीकाकू काढली, अव्वा लिहिलं. तिसरा भाग पहिल्यापासून लिहावा लागणार, लिहीन. आत्या म्हणते, तव्यावरची पहिली भाकरी अव्वा मामाला द्यायची आणि आई रुसून गोठ्यात जाऊन बसायची, ते घाल.