जुना भाडेकरार, नवा कायदा आणि एजंटचा ‘सरकारी नमुना’

वेल्समध्ये घर भाड्याने दिलेल्या आपल्या मंडळींना डिसेंबर २०२२ चांगलाच आठवत असेल. रेंटिंग होम्स (वेल्स) कायदा झाला २०१६ मध्ये, लागू झाला १ डिसेंबर २०२२ ला. मध्ये जुलैची तारीख जाहीर होऊन पुढे गेली होती, त्यामुळे ‘परत ढकलतील’ म्हणून कित्येकांनी फाईलच उघडली नाही. मी कार्डिफमध्ये हिशेबाची कामं करते. ओळखीतल्यांचे टॅक्स रिटर्न भरता भरता त्यांचे भाडेकरारही माझ्याकडे आले.

घरमालक म्हणून नोंदणी, लायसन्स बहुतेकांचं झालेलंच होतं. वायरिंगचा तपासणी अहवाल आणि धुराचे अलार्म यांना जुन्या भाडेकरूंसाठी वर्षभराची मुदत होती. चांगला इलेक्ट्रिशियन मिळाला की ते काम संपतं. घोडं अडलं ते रिटन स्टेटमेंटपाशी, म्हणजे कराराच्या सगळ्या अटींच्या लेखी प्रतीपाशी.

१ डिसेंबरला जुने करार आपोआप ‘ऑक्युपेशन कॉन्ट्रॅक्ट’ झाले आणि भाडेकरू ‘कॉन्ट्रॅक्ट होल्डर’. बदललेला करार पूर्ण लिहून ३१ मे २०२३ पर्यंत त्यांच्या हातात द्यायचा होता. नाही दिला तर उशिराच्या प्रत्येक दिवसाला एका दिवसाच्या भाड्याइतकी भरपाई, दोन महिन्यांच्या भाड्यापर्यंत. वर तो देईपर्यंत कारण न देता घर खाली करायची नोटीसही काढता येत नाही.

पुण्याला परत गेलेल्या एका डॉक्टरांचं इथलं घर एक एजंट बघायचा. त्याने सरकारी नमुना उतरवला, नाव, पत्ता, भाडं भरलं आणि सगळ्या घरमालकांना तोच पाठवून दिला, अर्थात फी लावून. तो नमुना नव्या करारांसाठीचा! जुन्या कराराला तो चालत नाही, कारण जुन्या अटी मरत नाहीत. कायद्याच्या मूलभूत अटींशी भांडणाऱ्या तेवढ्याच जातात, बाकीच्या राहतात. पूरक, म्हणजे कायद्याने वरून जोडलेल्या अटी जुन्या अटीशी विसंगत नसतील तरच आत येतात. म्हणजे प्रत्येक जुना करार कलमागणिक वाचायचा, काय राहिलं, काय गेलं, काय नव्याने आलं ते ठरवायचं आणि मग एकसंध मसुदा करायचा. याला तयार नमुना नव्हताच.

डॉक्टरांच्या करारात समासात पेनाने लिहिलेलं होतं: मागचं गवत भाडेकरू कापेल, मशीन घरमालकाचं. खाली दोघांच्या सह्या. एजंटच्या कागदात ती ओळ गायब. फोनवर डॉक्टर म्हणाले, “अहो ताई, सरकारी कागद आहे, चुकेल कसा?” मी म्हटलं, “मग गवत कोण कापणार, सरकार?”

एजंटला ईमेल केला, तर उत्तर आलं की आम्ही सगळ्यांना हेच देतो. परत लिहिलं, तर ‘तुमचा मुद्दा नोंदवला आहे’ एवढंच. फोन केला की ज्याला माहीत आहे तो माणूस नेमका बाहेर. एप्रिल सरत आला तसा माझा पारा चढला आणि मी एका रविवारी जुना करार, जुन्या करारांचं काय होतं ते सांगणारं कायद्याचं बारावं परिशिष्ट आणि तीन रंगांचे हायलायटर घेऊन बसले. एक रंग राहणाऱ्या अटींना, एक जाणाऱ्यांना, एक येणाऱ्यांना. घरमालकाच्या दोन महिन्यांच्या विनाकारण नोटिशीचं कलम गेलं. १ जून २०२३ पासून सहा महिने. घर राहण्यालायक नसेल त्या दिवसांचं भाडं द्यावं लागत नाही, ही पूरक अट जुन्या करारात तिच्या विरुद्ध काही नसल्याने आत आली. यावर डॉक्टर बराच वेळ कुरकुरले. कुरकुरा, पण लिहा.

हो, आणि ईमेलने पाठवणार असाल तर भाडेकरूची त्याला आधी संमती हवी. नसेल तर सरळ छापील प्रत द्या. पोचपावतीवर तारखेसह सही घ्या. कायदा ती मागत नाही, पण उद्या ‘मिळालंच नाही’ म्हटलं तर तुमच्याकडे काय आहे? डिपॉझिटचे कागदही त्याच फाईलला लावून ठेवा.

मसुदा तयार झाल्यावर एजंटकडे पाठवला. त्याने तो मुकाट्याने आपल्या लेटरहेडवर छापून दिला. फी मात्र परत केली नाही. त्या बिलाची प्रत मी अजून जपून ठेवली आहे.

इंग्लंडमधल्या मैत्रिणी आता विचारतात, आमच्याकडेही हेच करायचं का? नाही. तिथे १ मे २०२६ पासून नवा कायदा आहे, पण लेखी करार असेल तर तो पुन्हा लिहायची गरज नाही. सरकारचं माहितीपत्रक भाडेकरूला ३१ मे २०२६ पर्यंत द्यायचं. करार तोंडी असेल तर मात्र मुख्य अटी लेखी द्याव्या लागतात. आणि कुणी एजंट जुना करार ‘अपडेट’ करायचे पैसे मागू लागला, तर कुठल्या कलमासाठी, ते आधी विचारा.